मनोहरभाऊची लाथ

ज्यांना रात्री पाय बांधून झोपावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना ते खरं वाटणार नाही. माझ्या घरच्यांनाही वाटलं नव्हतं.

दुखणं म्हणावं तर पाय दुखत नव्हते, हीच पंचाईत होती. दुखलं असतं तर चार माणसांनी हळहळ केली असती. पोटरीच्या आत, पार हाडाजवळ, काहीतरी वळवळायचं. चिमटा काढला तर तो कातडीला कळायचा, आत पोचायचा नाही. पाय हलवला की वळवळ थांबायची, ठेवला की पुन्हा सुरू. उठून चालायला लागलो की मी ठणठणीत. त्यामुळे ज्या कुणाला दाखवायला जावं त्याच्याकडे मी चालत, ठणठणीत पोचायचो आणि तो माझ्याकडे संशयाने बघायचा.

दिवसा काही नाही. संध्याकाळ झाली, बूड टेकलं की सुरू. देवाने झोप दिली ती आडवं होऊन घ्यायची, आणि मला आडवंच होता येईना.

गादीवर

मी नागपूरच्या गांधीबागेत साड्यांच्या दुकानात सेल्समन होतो. आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. आमच्या धंद्यात मांडी हीच खुर्ची. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, समोर बाया बसलेल्या, आणि त्यांच्या पुढ्यात साड्यांचा ढीग करायचा. नको म्हणणाऱ्या बाईला साडी घ्यायला लावायची तर घाई दाखवून चालत नाही. चहा मागवायचा, तिच्या जावेची चौकशी करायची, आणि मग हळूच खालची साडी वर काढायची. मी यात पटाईत होतो, उगाच नम्रपणा कशाला.

पण खरी गिऱ्हाइकी संध्याकाळी, आणि माझे पायही संध्याकाळीच जागे व्हायचे. मी मांडी बदलायचो, उकिडवा बसायचो, उगाच उठून वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायचो. एकदा काटोलकडची एक बाई लग्नाचा बस्ता बांधायला आली होती. पंधरा साड्या घेणारी बाई. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भाऊ, तुमाले कुठं जाची घाई हाय काय? तसं सांगा, आमी दुसऱ्या दुकानात जातो." आणि गेली.

शेठजी गल्ल्यावरून बघत होते. "मनोहर, गद्दी में खटमल है क्या?" एवढंच म्हणाले. दुकान हसलं. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गादीवरून उठवून मागे माल मोजायला पाठवलं. उभ्याचं काम म्हणून पायांना बरं होतं, पण मला ते फार लागलं.

घरात

माझी बायको सुमन मोठी धीराची. तिने सगळं करून पाहिलं. तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी ठेवली, शेजारची कार्टी बोलावून माझ्या पोटऱ्यांवर नाचवली. शेवटी जुन्या लुगड्याचे काठ फाडून ती ते पायांना गुडघ्यापर्यंत करकचून गुंडाळू लागली. थोडा आराम पडायचा. मग डोळा लागला की झोपेत पाय झटका द्यायचे, आणि ती लाथ थेट तिला बसायची. तिने अंथरूण स्वयंपाकघरात नेलं. आमच्या गल्लीत भिंती पातळ आणि कान लांब. मनोहरभाऊ बायकोला लाथा मारतो ही बातमी सगळीकडे गेली.

गल्लीतल्या कंपाउंडरने झोपेची म्हणून एक पिवळी गोळी दिली. खरं तर ती सर्दी-खाजेची होती. तिने असा गोंधळ घातला की ती रात्र मी पूर्ण उभ्याने काढली. पुढे कळलं की काही गोळ्यांनी हे दुखणं चेकाळतं. तुम्हीही अशी काही गोळी घेत असाल तर डॉक्टरला आधी तेच सांगा.

सुमनचं मात्र एक पालुपद होतं. "तुमी रक्त देता ना, त्यानंच हे होऊन राहिलं. आंगातलं सत्व चाललं तुमच्या."

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. "अडाण्यासारखी बोलू नको," मी ओरडायचो. "रक्त दिल्याने काही होत नाही. काहीच नाही!"

मी इतका का ओरडायचो, ते सांगायला हवं.

कल्पना

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी कल्पना. तेव्हा अकराएक वर्षांची असेल. तिला तो आपल्या विदर्भात घरोघरी असलेला रक्ताचा आजार होता, सिकलचा. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. सांधे धरायचे, ताप चढायचा, डोळे पिवळे व्हायचे, आणि मधूनमधून रक्त चढवावं लागायचं. दवाखान्याची रीत अशी, की एक बाटली न्यायची तर कुणीतरी एक बाटली द्यायची. गट कोणताही चालायचा. ते रक्त भलत्याच कुणाला जायचं आणि तिला तिच्या गटाचं मिळायचं.

सोपी गोष्ट होती. पण द्यायला कुणी येईना. आणीबाणीत माणसं धरून धरून नसबंदी केलेली, त्यामुळे दवाखान्यातली खाट म्हटली की आमच्या गल्लीतले बाप्ये कासोटा सावरायचे. त्यात ताकद जाते, पाठ वाकते, पोरं होत नाहीत, असं सगळं होतंच. कल्पनाचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, तर रक्तपेढीच्या दाराशीच थांबायचे. "मले नोको म्हणू मनोहर," म्हणून मान खाली घालायचे. घरचा कर्ता भितो म्हणून मी त्यांच्यावर चिडायचो.

मग मी दिलं. पुन्हा दिलं. रक्तपेढीतली माणसं ओळखीची झाली. व्हरांड्यात रामटेककडचं एखादं म्हातारं रडत बसलेलं असायचं, त्याच्या नातवासाठीही देऊन टाकलं. दोन वेळांत तीन महिने सोडायचे असतात हे मला माहीत होतं. मी एकदा इथे, एकदा दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या नावाने, असं करून ते तीन महिने खाऊन टाकले. दिसायला मी चांगला आडवातिडवा, कोण विचारणार? आणि खरं सांगू, त्या खाटेवर झोपताना मला फार बरं वाटायचं. गल्लीतल्या सगळ्या भित्र्यांना मी एकटा उत्तर देतोय असं वाटायचं.

म्हणून सुमनने तो विषय काढला की मी पेटायचो. ती खरी ठरली तर गल्ली खरी ठरणार होती.

निदान

त्या दिवशी कल्पना दवाखान्यात भरती होती. संध्याकाळची वेळ, बाटली लावलेली, थेंब थेंब रक्त चाललेलं. ताई घरी डबा आणायला गेली होती. मी खाटेशेजारी उभा, एका पायाने दुसरी पोटरी घासत.

"मामा, बसा ना," कल्पना म्हणाली. "स्टूल हाय न तिथं. तुमी कदी बसतच नाही."

वॉर्डातल्या मॅडम, म्हणजे तिच्या डॉक्टरीणबाई, पलीकडच्या खाटेपाशी होत्या. किडकिडीत, चष्मा नाकावर घसरलेला, बोलायला करड्या. त्या वळून माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"काय होतंय पायांना?"

मी नेहमीचं सांगितलं. दुखत नाही, राहवत नाही.

"बसलं, पडलं की सुरू होतं? आणि चाललं की जातं?"

इतक्या वैद्यांनी, डॉक्टरांनी मला तपासलं, पण माझं वाक्य माझ्याआधी बोलणारी ही पहिली. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. हसू नका, ज्याच्यावर महिनोन्‌महिने कुणी विश्वास ठेवला नाही त्यालाच हे कळेल.

"हो," मी म्हणालो. "अगदी तेच."

मग प्रश्नांची सरबत्ती. साखर आहे का, लघवीचा त्रास, दारू, कसल्या गोळ्या, घरात आणखी कुणाला असं आहे का. पायांच्या शिरा पाहिल्या. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. "रक्त जातं का कुठून? मूळव्याध? शौचाला काळं होतं?"

"नाही."

"मग कुठे जातंय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

खाटेवरून कल्पना बोलली, "मामा रक्त देते न मॅडम. माह्यासाठी. लय वेळा देते."

मॅडमनी चष्मा वर केला. "लय वेळा म्हणजे?"

मी खरं ते सांगितलं. दोन्ही दवाखाने, दोन्ही नावं. एवढा वेळ शांत असलेली बाई आवाज चढवून बोलली, "अंगातलं सगळं वाटून बसलात, म्हणून पाय नाचताहेत तुमचे!" ते ऐकून कल्पनाने विचारलं, "म्हणजे माह्यामुळं झालं काय मामा?"

ते वाक्य पायातल्या वळवळीपेक्षा वाईट होतं.

"तुझ्यामुळे नाही गं," मॅडम झटकन म्हणाल्या. "यांच्या अतिशहाणपणामुळे."

तपासण्या झाल्या. साखर नव्हती, मूत्रपिंड ठीक होतं. अंगातलं लोह मात्र पार तळाला गेलं होतं. रक्त पुन्हा तयार करायला शरीर कोठारातलं लोह काढत राहतं, आणि मी ते कोठार भरूच दिलं नव्हतं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, अशा पायांना कारणं पुष्कळ असतात. बाळंतपणाआधी बायकांना होतं, साखरेने, मूत्रपिंडाने होतं, घराण्यातही चालत येतं, कधीकधी कारण सापडतच नाही. तुमचं सापडलं, नशीब समजा.

"आता मी सांगेपर्यंत एक थेंब द्यायचा नाही. इथे तर मी देऊच देणार नाही, आणि दुसरीकडेही कळवते आहे."

"मॅडम, हे बाहेर कळू देऊ नका. माझी बायको म्हणते रक्त दिल्यानेच पाय गेले."

"मग ती बरोबर म्हणते," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

आता पोरीचं काय

सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत आलो. पाय शांत होते, डोकं नव्हतं. कल्पनाला पुढची बाटली लागणार हे नक्की होतं, महिन्याने म्हणा, दोन महिन्यांनी म्हणा. मी देऊ शकत नव्हतो. दुसऱ्या कुणी द्यावं असं वाटत असेल, तर माझ्या दुखण्याचं कारण लपवणं भाग होतं. गल्लीला नुसता वास लागला असता, की रक्त देऊन मनोहरभाऊचे पाय बिघडले, तर पुन्हा जन्मात कुणी त्या खाटेवर झोपलं नसतं. आणि लपवलं, तर मग मी का देत नाही हे काय सांगायचं?

सुमनपुढे माझं लपवणं जेवणापर्यंतही टिकलं नाही. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती ऐकवणार. तिने ताट बाजूला सारलं.

"मी खरी निंगाली म्हणून हासू, का पोरीसाठी रडू?" ती म्हणाली. मग डोळे पुसून, "लपवू नोका. लपवलं तं लोक अजून वाईट समजते. सांगा, पन पुरं सांगा. अर्धं नोका सांगू."

मला ते पटायला आणखी काही दिवस लागले. पटलं ते भर रस्त्यात.

मारबत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. कागद-बांबूच्या त्या भल्यामोठ्या बाईच्या मागे सगळं जुनं नागपूर धावतं आणि घरातलं जे जे नकोसं ते तिच्याबरोबर गावाबाहेर घालवतं. "इडा पिडा, खासी-खोकला, घेऊन जा गे मारबत!" लोक महागाईही पाठवतात आणि नावडता नगरसेवकही.

मारबत आमच्या कोपऱ्यावर आली आणि गल्लीतलं एक टारगट ओरडलं, "मनोहरभाऊची लाथ घेऊन जा गे मारबत!" झालं, सगळ्यांनी तेच धरलं. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. भाऊजीही तिथेच उभे होते, त्यांनी मान वळवली.

मिरवणूक पुढे गेली. मी पानठेल्याच्या फळीवर चढलो. भाषण द्यायचं ठरवलं नव्हतं, राग आला होता.

"हसले? झालं हसून? आता आयका. माही लाथ मारबत नाही नेऊ शकत. माह्या आंगातलं लोखंड संपलं, म्हणून पाय नाचून राहिले. आन्‌ लोखंड काहून संपलं? रक्त देऊन देऊन."

अपेक्षेप्रमाणे झालं. पानवाल्याने कानाला हात लावला. "पाहा! म्हनजे होतेच ना गा! आमी म्हनतच होतो!"

"होते!" मी ओरडलो. "एकट्यानं दहा जनाचं दिलं तं होते! वर्षातून दोनदा, तपासून दिलं तं कोणालेच काही होत नाही. तुमी एकेकदा आले असते, तं मी आज गादीवर बसून साड्या विकत असतो. हे पाय तुमच्या भेवानं गेले, रक्तानं नाही. एक लेकरू हाय, साऱ्याईनं तिले आंगाखांद्यावर खेळवलं. पुढच्या बाटलीले मी नाही. कोन येते, सांगा."

लोक मारबतीमागे जायच्या निमित्ताने पांगले. फळीवरून उतरताना मला वाटलं, घालवलं आपण सगळं. पण रात्री पानवाला घरी आला. "तपासून घेते न पयले? मंग मी येतो." दुकानातला एक जोडीदारही तयार झाला. मी त्यांना त्याच आठवड्यात तपासायला मॅडमसमोर नेऊन उभं केलं, हो म्हटलेलं गिऱ्हाईक उठू द्यायचं नसतं.

पायांचं काय झालं

ते आधी सांगून टाकतो, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय. लोहाच्या गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागल्या. शौचाला काळं होतं, पोट धरतं, घाबरू नका. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि चहा तिच्यापासून लांब ठेवायचा, असं मॅडमनी बजावलं. जेवणावर चहा पिणारा नागपूरकर मी, मला ही शिक्षाच होती. पहिले काही आठवडे काहीच फरक पडला नाही आणि मी गोळ्या फेकायला निघालो होतो. सुमनने डबी स्वतःकडे ठेवली. मग एकदा सकाळी जाग आली तेव्हा उन्हं आली होती, आणि पायांना गुंडाळलेले काठ तसेच होते. सुमन दारात उभी राहून बघत होती. तिने उठवलं नाही, दुकानाला उशीर झाला तरी.

आपल्या मनाने मात्र लोह खाऊ नका. तपासा, मग घ्या. माझं कारण तुमचं असेलच असं नाही.

बाटली

दिवाळी झाल्यावर कल्पना पुन्हा आजारी पडली, या वेळी फार. छातीत दुखत होतं, श्वास लागत होता. मॅडम म्हणाल्या, आजच दोन बाटल्या हव्यात. पानवाल्याने एक दिली. दुकानातला जोडीदार लग्नाला गोंदियाला गेलेला. मी मॅडमपुढे हात पसरले, की माझं घ्या, आता बरा आहे मी. त्यांनी मान हलवली. "तीन महिन्यांत कोठार भरत नाही, मनोहरराव."

रक्तपेढीच्या दाराशी भाऊजी उभे होते, नेहमीसारखे. माझा तोल गेला. "पोरगी मरून राहिली तिकडे! अजून काय भेता?"

"मी भेत नाही मनोहर," ते म्हणाले. "मॅडमनंच सांगतलं होतं न पयल्यांदा, हा रोग मायबापाच्या रक्तातून येते म्हनून. माहं नासकंच रक्त हाय. माह्या पोरीले लागलं ते लागलं. दुसऱ्याच्या लेकराले ते कसं देऊ मी?"

इतकी वर्षं हा माणूस ते पोटात घेऊन या दाराशी उभा राहत होता आणि मी त्याला भित्रा म्हणत होतो. मी त्यांचा दंड धरला आणि तसाच मॅडमपुढे नेला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही आजारी नाही. आजार फक्त तुमच्यातून पुढे गेला, तोही आई-वडील दोघांकडून मिळून. तुमचं रक्त एखाद्या जखमी माणसाला व्यवस्थित चालेल. कुणी सांगितलं नासकं म्हणून?"

"कोनी नाही," भाऊजी म्हणाले.

ते खाटेवर झोपले. सुई गेली तेव्हा डोळे गच्च मिटले, मग उघडले आणि खाली लोंबणाऱ्या काचेच्या बाटलीकडे बघत राहिले. भरेपर्यंत नजर हलवली नाही. बाटली उचलताना त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं, "चांगलं हाय?" तो आपला रोजच्यासारखा म्हणाला, "हो, चांगलं आहे." चहा घ्या, थोडं पडून राहा, असं सगळे सांगत असताना ते उठले आणि दंडाला कापूस दाबून सरळ वॉर्डात गेले. मी मागे धावलो.

कल्पनाला दुसरी बाटली नुकतीच लावली होती. तिने डोळे उघडले. भाऊजींनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि शेजारच्या खाटेवरच्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बेटा, माहं रक्त चालते वं. त्याईनं घेतलं."